एकोणनव्वदवाल्या मॅडम

डॉ. मंदाकिनी वडके यांना संस्थेत त्यांच्या नावाने फारसं कोणी ओळखत नाही. शिपायापासून संचालकापर्यंत सगळे म्हणतात, एकोणनव्वदवाल्या मॅडम. बाहेरगावचा पाहुणा आला की फाटकावरचा पहारेकरीसुद्धा सांगतो, "एकोणनव्वदवाल्या ना? दुसरा मजला, डावीकडे." चोवीस वर्षं हे असंच चाललंय. बाईंनीही कधी कुणाला टोकलं नाही. टोकून काय करणार? त्या आकड्यानेच त्यांना पोसलं होतं.

हा आकडा कुठला, ते आधी सांगायला हवं. अठ्ठ्याण्णव साली संस्थेने पुण्यातल्या शंभर एचआयव्ही बाधित बायका एका अभ्यासात घेतल्या. प्रत्येकीला एक नंबर दिला. नावं दवाखान्याच्या कपाटात कुलपात, आणि प्रयोगशाळेला फक्त नंबर. नियमच तसा, आणि चांगला नियम. वर्षातून दोनदा बायका रक्त द्यायच्या, त्याची नळी उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये जायची. पहिल्या खणात एक ते पन्नास, दुसऱ्या खणात एक्कावन्न ते शंभर. तीन वर्षांत प्रत्येकीच्या सहा नळ्या झाल्या. दोन हजार एक साली मंदाकिनीने त्या तपासल्या तेव्हा कुणाच्या रक्तात विषाणू हळूहळू वाढत होता, कुणाच्या भराभर. एकीच्या रक्तात मात्र तो जवळजवळ सापडतच नव्हता. औषधाची एक गोळी पोटात नसताना तिच्या शरीराने त्याला दाबून ठेवलं होतं. असं शरीर शेकड्यातसुद्धा एखादं मिळत नाही. नळीवर नंबर होता 89.

मंदाकिनी कसबा पेठेतली, तांबट आळीतली. वडील सीताराम वडके तांब्याची भांडी ठोकायचे, आणि त्यांच्याकडे आणखी एक काम असायचं, भांड्यांवर नावं घालायचं. मांडीत पातेलं धरून, टोच्याने ठिपका ठिपका उठवत ते नाव लिहीत. पंगतीला भाड्याने जाणाऱ्या भांड्यांवर नाव आणि नंबर दोन्ही. मंदाकिनी अक्षरं शिकली ती पाटीवर कमी आणि पातेल्यांवर जास्त. बोट फिरवून ठिपके मोजायचे आणि आकडा वाचायचा, हा तिचा खेळ.

शाळा महानगरपालिकेची, अर्थातच मराठी. पुढे मार्क चांगले पडले म्हणून विज्ञानाला गेली, आणि पहिल्याच प्रॅक्टिकलला पोरीची शोभा झाली. तिने वहीत सगळे आकडे मराठीत लिहिले होते. सरांनी वही वर्गासमोर उंच धरली आणि शांतपणे विचारलं, "ही कुणाची पत्रिका मांडलीये? मंगळ आहे का?" पन्नास पोरं हसली. पुण्यात माणसाला मारायला काठी लागत नाही, एवढं पुरतं. मंदाकिनी रडली नाही. घरी येऊन जुन्या वर्तमानपत्रांच्या कडांवर एक ते शंभर इंग्रजी आकडे गिरवत बसली. रोज गिरवायची. पंधरा दिवसांत मराठी आकडे तिच्या हातातून गेले ते गेलेच. डोळ्यांतूनही गेले, हे तिला तेव्हा कळलं नाही.

चौऱ्याण्णव साली ती संस्थेत लागली आणि वडिलांनी स्थळं बघायला घेतली. मुलगी काय करते? संशोधन. वा, कशावर? एड्सवर. एवढं झालं की समोरच्या माणसाचा चहाचा कप बशीत परत जायचा. एका मुलाच्या आईने तर तोंडावर विचारलं, "घरी येताना आंघोळ वगैरे करून येते ना?" सीताराम म्हणाले, "आमच्याकडे सगळेच आंघोळ करतात. आपल्याकडची पद्धत माहीत नाही." ते स्थळ तिथेच संपलं. पुढची दहा-बारा अशीच गेली, आणि मग बापाने बघणं सोडलं आणि लेकीने वाट बघणं सोडलं. आता याचं दुःख नव्हतं असं कुणी म्हणेल तर ते खोटं. होतं दुःख. लग्नाच्या पंगतींची भांडी तिच्याच घरून जायची आणि तीच ती मोजून द्यायची.

त्या एकोणनव्वद नंबरने तिला उचललं. निबंध बाहेरच्या मोठ्या नियतकालिकात छापून आला, लोक बोलवायला लागले, पद मिळालं. आणि तिथेच बाई अडकल्या. दर नव्या प्रकल्पाचा विषय एकच. मध्ये एकदा तिने क्षयरोगाकडे जायचं म्हणून अर्ज केला, तर तेव्हाचे संचालक म्हणाले, "क्षयरोगावर छप्पन्न जण आहेत. एकोणनव्वद कुणाकडे आहे?" बाहेरदेशी दोन वर्षांची जागा चालून आली, तेव्हा नळ्यांची जबाबदारी कुणी घेईना. सहा नळ्या आणि त्यातला थेंब न थेंब तिने जपून वापरला. विद्यार्थी आले, पदव्या घेऊन गेले, त्यातला एक श्रीनिवास आज संचालक आहे. बाई दुसऱ्या मजल्यावर डावीकडेच राहिल्या. कधी वीट यायचा, स्वतःचाच राग यायचा, पण सोडायचं म्हटलं की एकच प्रश्न पडायचा. ही नळी सोडली तर आपण कोण?

तिने एकोणनव्वदला कधी पाहिलं नव्हतं. बाई, वय एकोणतीस, एवढंच माहीत. पण मनात तिची एक मूर्ती होती. उंच, ठसठशीत, जरा भांडकुदळ. बसमध्ये कुणी बाई कंडक्टरशी हुज्जत घालताना दिसली की मंदाकिनीला वाटे, ही असेल. दोन हजार एकच्या ऑगस्टमध्ये तिने दवाखान्याला एक चिठ्ठी पाठवली होती, स्वतःच्या सहीने: क्रमांक 89, विषाणू दबलेला आहे, प्रकृती उत्तम राहील, तूर्त औषधाची गरज नाही, काळजीचे कारण नाही. दवाखान्याने ते त्या बाईला सांगितलं. दुसऱ्या वर्षापासून ती यायची बंद झाली. बरी आहे म्हणून येत नसेल, असं सगळ्यांनी धरलं. मंदाकिनीने तर फारच आनंदाने धरलं. आपल्या एका चिठ्ठीने कुणीतरी मोकळी झाली आणि आपल्या आयुष्याला लागली, हे तिचं सुख होतं. दुसरं नव्हतंच फारसं.

निवृत्तीला तीन आठवडे राहिले होते तेव्हाची गोष्ट. रविवार होता. भाऊ कधीच वाघोलीला राहायला गेला होता, वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि आळीतला कारखाना रिकामा करून द्यायचा होता. भावाची मुलगी अवनी भांडी न्यायला आली. आयटीत आहे, नवा फ्लॅट घेतलाय, आणि आता तिला घरात "व्हिंटेज लुक" हवा होता. ज्या पातेल्यांत हजारो माणसांची आमटी शिजली त्यांत आता मनी प्लांट लावायचे. लावा बापडे.

अवनीने एक मोठं पातेलं उजेडात धरलं, काठावरचे ठिपके फडक्याने पुसले आणि म्हणाली, "आत्या, यावर एटी-नाइन का लिहिलंय? इयर आहे का?"

मंदाकिनी हसली. "दे इकडे. एटी-नाइन कुठलं? एक्केचाळीस आहे ते. आजोबांच्या हातचं. पंगतीच्या भांड्याचा नंबर."

"हे फॉर्टी-वन आहे? आत्या, सीरियसली, हे एट आहे आणि हे नाइन."

"मराठीतलं आहे गं. ४१. चार आणि एक. तुम्हाला शाळेत शिकवत नाहीत का काही?"

आणि बोलता बोलता ती थांबली. पातेलं हातातच होतं. अवनी आणखी काहीतरी बोलत होती, मनी प्लांटबद्दल असावं. मंदाकिनीचं बोट त्या ठिपक्यांवरून फिरलं. चारच्या डोक्याकडची दोन टोकं उघडी. जरा शाई पसरली, जरा ओल लागली की ती मिटणार, आणि चारचा होणार आठ. एकचा नऊ तर आधीच झालेला.

"आत्या, बरं वाटत नाहीये का तुला?"

"बरी आहे," मंदाकिनी म्हणाली. "ने तू ती भांडी. हे एक राहू दे."

सोमवारी सकाळी कुणी यायच्या आत ती फ्रीझरसमोर उभी होती. सहातली एकच नळी उरली होती. जाड हातमोज्यात ती धरून तिने भिंगाखाली घेतली. वापरून संपलेल्या पाच नळ्यांवरची शाई वर्षानुवर्षांच्या बर्फाने फुगलेली होती, ही मात्र तळाशी राहिल्यामुळे स्वच्छ होती. आठचं डोकं उघडं होतं. एवढं उघडं, की पहिलीतल्या पोराने वाचलं असतं. एक्केचाळीस.

मग तिने दोन हजार एकचं रजिस्टर काढलं. त्या एप्रिलमध्ये काय झालं होतं ते तिला पाठ होतं. सुट्टीचा दिवस, वीज गेलेली, जनरेटर सुरू होईना. सगळ्यांत आधी पोहोचले ते तंत्रज्ञ ज्ञानदेव, नळ्यांवर नंबर लिहिणारे, हडपसरहून सायकल मारत. सुका बर्फ एका खणापुरताच होता. त्यांनी पहिला खण वाचवला. दुसरा वितळला, एक्कावन्न ते शंभर सगळं पाणी, त्या नळ्या त्याच दिवशी नष्ट केल्या. दुसऱ्या दिवशी मंदाकिनीने स्वतः मोजदाद केली होती, आणि तिच्याच अक्षरात तिथे लिहिलेलं होतं: "41 च्या नळ्या गहाळ. 89 च्या नळ्या चुकून पहिल्या खणात ठेवल्यामुळे वाचल्या. दोन्हींची अदलाबदल झालेली असावी."

त्या वाचलेल्या नळ्या होत्या कुठे? चाळीस आणि बेचाळीसच्या मध्ये. एक्केचाळिसाव्या जागेवर. तिथे एक्केचाळीसच असणार, हे बारक्या पोराला कळलं असतं. पण तिच्या डोळ्यांनी मराठी बघायचंच सोडलं होतं, आणि हुशार माणसाला चुकीचं कारण फार चटकन सापडतं. पुढे निकाल लागल्यावर सगळे म्हणाले होते, 89 नशीबवान, हिच्या नळ्यासुद्धा वाचल्या. संस्थेत पेढे वाटले होते.

म्हणजे खऱ्या एकोणनव्वदच्या नळ्या दुसऱ्या खणात होत्या, त्या वितळून गेल्या होत्या. तिच्या रक्तात काय होतं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बहुतेक तेच, जे बाकीच्यांच्या रक्तात होतं. आणि तिला मंदाकिनीने सहीनिशी कळवलं होतं, काळजीचे कारण नाही. ती काळजी न करता निघून गेली. कुठे गेली असेल, किती वर्षं जगली असेल, याचा विचार मंदाकिनीने सुरू केला आणि तो पुरा करायची तिला हिंमत झाली नाही. खुर्चीत बसून राहिली.

तिने बोलावल्यावर संचालक श्रीनिवास आला आणि त्याने दार लावून घेतलं. चांगला मुलगा. मुलगा कसला, पन्नाशीला आला. तो नळी बराच वेळ भिंगाखाली बघत होता. "मॅडम, खरं सांगू? मला 89च दिसतं."

"तू इंग्रजी शाळेतला."

"आणि तुम्ही?"

मंदाकिनीने नळी उचलून परत बर्फात ठेवली.

"नावांची यादी तर नियमाप्रमाणे नष्ट केली," तो म्हणाला. "ती 89 आता सापडणार नाही, मॅडम. जिवंत असली तरी आणि नसली तरी. मग हे उघड करायचं कुणासाठी? तुमचे तीन आठवडे राहिलेत. समारंभाची कार्डं छापलीत. माझा स्वतःचा प्रबंध त्यावर आहे, ते जाऊ दे."

"ते कसं जाऊ दे? तेच तर आहे."

श्रीनिवास लाजला, पण हटला नाही. "बरं, तुम्ही नियतकालिकाला चूक कळवणारं पत्र लिहिलंत. पहिला प्रश्न काय येईल? पहिल्या खणातल्या पन्नास नंबरांतला हा एकच मराठीत का? बाकी सगळे इंग्रजीत आहेत, मी आत्ता बघून आलो. याला उत्तर काय? उत्तर नसेल तर तुम्हीच आता शेवटी काहीतरी गडबड केली, असं म्हणतील. हे सगळं ज्यांनी लिहिलं ते तरी सांगतील का?"

मंदाकिनीचं घोडं तिथेच अडलं होतं. बोलावं तर चोवीस वर्षांचं काम, सात विद्यार्थ्यांच्या पदव्या आणि स्वतःचं नाव, सगळं मातीत. गप्प बसावं तर 89 च्या नावावर उद्याही लोक निबंध लिहीत राहणार, आणि एका बाईला खोटी हमी दिल्याचं तिच्या एकटीच्या पोटात राहणार. पूर्ण आठवडा ती रोज कामाला गेली, डबा खाल्ला, लोकांच्या शुभेच्छा घेतल्या. कुणी एकोणनव्वदवाल्या मॅडम म्हटलं की अंगावर काटा यायचा. पत्र लिहून झालं होतं. पाठवायचं बटण दाबवत नव्हतं. आधी ज्ञानदेवना विचारू, तिने ठरवलं. ते म्हणाले, मला आठवत नाही, तर बघू. खरं सांगायचं तर तिला तेच हवं होतं. त्यांनी म्हणावं, आठवत नाही, आणि आपण सुटावं.

ज्ञानदेव निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली होती. हडपसर गावठाणात, मंडईच्या मागे दोन खोल्या. रविवारी सकाळी अकराला मंदाकिनी तिथे पोहोचली. त्यांना आनंद झाला. खुर्ची पुसून दिली, आतल्या खोलीकडे बघून म्हणाले, "चंद्रभागे, मॅडम आल्यात, चहा टाक." मग मंदाकिनीला म्हणाले, "माझी बहीण. इथंच असते."

मंदाकिनीने मोबाइलवर काढलेला लेबलचा फोटो पुढे केला. "ज्ञानदेव, हा आकडा काय आहे?"

त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. "एक्केचाळीस. माझ्या हातचं आहे."

सुटकेची आशा संपली. मंदाकिनीने विचारलं, "बाकी सगळे नंबर तुम्ही इंग्रजीत लिहिलेत. हाच एक मराठीत का?"

ज्ञानदेव फोटो बघत राहिले, मग त्यांनी मोबाइल उलटा करून चटईवर ठेवला. "सवय असते, मॅडम. कधीतरी हात जातो."

"सहा वेळा? याच नंबरवर?"

आतून स्टोव्हचा आवाज बंद झाला. चंद्रभागा चहाचे कप घेऊन बाहेर आली. पन्नाशीची, बुटकी, चेहऱ्यावर कसलंच ठसठशीतपण नाही. कप ठेवले आणि भिंतीला टेकून खाली बसली. "सांग की दादा," ती म्हणाली. "आता काय व्हायचंय?" मग मंदाकिनीकडे वळून, "एक्केचाळीस मीच हाय, बाई."

ज्ञानदेवनी मान खाली घातली. घरच्या माणसाला अभ्यासात घेतल्याचं त्यांनी संस्थेत कधी सांगितलं नव्हतं. नियमात बसत नव्हतं, आणि नियमापेक्षा गावाची भीती मोठी होती. "नंबर तर सगळ्यांचे सारखेच दिसतात, मॅडम," ते म्हणाले. "मला वाटायचं, काही झालं, धावपळ झाली, तर हिची नळी माझ्या डोळ्यांना लगेच दिसावी. म्हणून मराठीत घालायचो. लाइट गेली त्या दिवशी पहिला खण आधी ओढला तो त्याच्यासाठीच. हिची नळी होती त्यात."

म्हणजे मायेने घातलेली खूण. मंदाकिनीने कप खाली ठेवला.

"पण झालंय काय?" चंद्रभागेने विचारलं.

इथे मंदाकिनी खोटं बोलू शकली असती. साधी तपासणी आहे म्हणाली असती, आणि उठून बसथांब्यावर गेली असती. पण ती बाई समोर बसून सरळ तोंडाकडे बघत होती. मंदाकिनीने सांगितलं. सोपं करून, पण सगळं. विषाणूला दाबून ठेवणारं ते शरीर तुमचं होतं. जगात तुमच्या रक्तावर लिहिलं गेलं, दुसऱ्याच नंबराने. तुम्ही लवकर जाणार नव्हता. ते तेव्हाच दिसत होतं, आणि ती चिठ्ठी तुम्हाला यायला हवी होती.

"मी मरणार नव्हते?"

"नाही."

"हे कधी कळायला पायजे होतं मला?"

"दोन हजार एक. ऑगस्ट."

चंद्रभागेने बोटं मोजली. खरंच मोजली, एक एक मिटत. "माझी अक्षता मी नणंदेला दिली ती दोन हजार दोनच्या मे महिन्यात," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं, आवाज न चढवता. नवरा गेला तेव्हा पोरगी पोटात होती. हिची तपासणी झाली, पोर सुदैवाने चांगली निघाली, पण डॉक्टर म्हणाले होते दोन-चार वर्षं धरून चाला. नणंदेला मूल नव्हतं. आपण जायच्या आत पोरीला घर लागावं म्हणून चौथं वर्ष संपताना दिली. नणंदेची अट एकच होती, पोरीला काही सांगायचं नाही. हिलाही तेच हवं होतं. मग वर्ष गेलं, दुसरं गेलं, ही काही मरेना. दवाखान्यात दर वेळी म्हणायचे, बरं चाललंय. बरं म्हणजे किती दिवसांचं, ते कुणी सांगितलं नाही आणि हिने विचारलं नाही. पुढे सगळ्यांनाच गोळ्या चालू झाल्या तशा हिलाही झाल्या. "दर दिवाळीला वाटायचं, ही शेवटची. नवं लुगडं घेत नव्हते, बाई. कुणाला नेसायचंय म्हणून." पोरगी आता कंपनीत कामाला असते. दर रविवारी न चुकता फोन करते. "गुणाची हाय. मला मामी म्हणती."

ज्ञानदेवनी मोबाइल परत सरळ केला. "मॅडम," ते म्हणाले, "मी इंग्रजीत लिहिलं असतं तर... माझ्यामुळं झालं का हे?"

मंदाकिनीला त्या क्षणी सीतारामांचं पातेलं दिसलं, ठिपके दिसले, आणि वर्गात उंच धरलेली वही दिसली. "नाही," ती म्हणाली. "तुम्ही बरोबर लिहिलं होतं. वाचणारी मी होते. मला मराठी येत होतं, ज्ञानदेव, तरी मी चुकीचं वाचलं."

ती पुढे म्हणाली, उद्या पत्र पाठवते. चूक झाली म्हणून जगाला कळवते.

"त्यात माझं नाव येईल?" चंद्रभागेने विचारलं.

"नाव नाही. पण हा एकच नंबर मराठीत का, असं विचारतील."

"मग नका सांगू. दादाची माझी गाठ घातली की झालं, गावाला कळंल आन् गावावरनं पोरीला. तिला काय सांगू मी? तुला टाकली नव्हती, मरणार होते म्हणून दिली होती, आणि आता कळतंय मरणार पण नव्हते?"

म्हणजे श्रीनिवासच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर सापडलं होतं, आणि ते मंदाकिनीला देता येणार नव्हतं. लोक म्हणतील, म्हातारपणी बाईचं डोकं फिरलं. म्हणतील, चोवीस वर्षं आंधळी होती का? यातलं दुसरं तरी खरंच होतं. पत्र जाणारच होतं, ते आता तिने ठरवून टाकलं. मोकळं वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलं नाही.

"मला एक लिहून द्या," चंद्रभागा म्हणाली. "ती चिठ्ठी. त्या बाईला दिली ती. तशीच्या तशी."

ज्ञानदेवनी वहीचा कागद फाडून दिला. मंदाकिनीने मांडीवर घेऊन लिहायला सुरुवात केली. 'क्रमांक' लिहिलं आणि पेन अडलं. बेचाळीस वर्षांत तिने हे आकडे काढले नव्हते. चारचं एक टोक वाकडं गेलं, पण डोकं तिने नीट उघडं ठेवलं. ४१. विषाणू दबलेला आहे. प्रकृती उत्तम राहील. औषधाची ओळ तिने गाळली, गोळ्या आता चालू होत्या. काळजीचे कारण नाही. खाली सही केली आणि विचारलं, "तारीख कुठली घालू?"

"आजचीच घाला," चंद्रभागा म्हणाली. "मागची घालून काय पोर परत चार वर्षांची होतीय?"

मंदाकिनीने आजची तारीख घातली. चंद्रभागेने कागद घेतला, ओळीवरून बोट फिरवत पुटपुटत वाचला, 'काळजीचे कारण नाही' दोनदा वाचलं. तेवढ्यात कोनाड्यातला फोन वाजला. रविवार होता. तिने चिठ्ठीची घडी केली, कमरेला खोचली, पदराने तोंड पुसलं आणि फोन उचलला.

"हां, बोल बाळा," ती म्हणाली. "मामी बोलतीय."